पाच मिनिटांचा आडोसा

रडायची जागा वान-रूने नीट निवडली होती. मासळी बंदराच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्यामागे. बर्फ फोडणाऱ्या यंत्राची घरघर तिथे इतकी, की माणसाने गळा काढला तरी शेजारच्याला कळू नये. त्यातून या कीलुंग बंदराचा हिवाळा... पाऊस थांबायचं नाव घेत नाही. ओल्या चेहऱ्याकडे कोण निरखून बघतंय?

त्या दुपारी मात्र कोणीतरी बघत होतं.

मासळीच्या निळ्या क्रेटच्या ढिगाआडून एक काळी, गोल काच तिच्यावर रोखलेली होती. वान-रू रडायची थांबली आणि ओरडली.

“ए! काय चाललंय तिकडे?”

कॅमेऱ्यामागून एक डोकं वर आलं. उंच, सडपातळ तरुण. केस कपाळाला चिकटलेले, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळतंय.

“सॉरी... म्हणजे, मी बोटी टिपत होतो. तुम्ही मध्ये आलात.”

“मी मध्ये आले? केव्हाची उभी आहे मी इथे!”

“मग बोटी मध्ये आल्या असतील,” तो ओशाळं हसला.

“पुसून टाका.”

“एकदा बघा तरी. खरंच सांगतो, असं काही मी आजवर—”

“पुसा म्हणते ना!”

तिच्या आवाजाने त्याचं हसू मावळलं. त्याने मान खाली घातली, दोन-तीन बटणं दाबली आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिच्यासमोर धरला. काळा, कोरा.

“पुसलं,” तो म्हणाला.

वान-रूने बाहीने तोंड पुसलं आणि ती मागे न बघता निघाली.

सकाळीच तटरक्षक दलाच्या कचेरीतून फोन आला होता. तिचा भाऊ आ-जे माकूळ पकडणाऱ्या बोटीवर होता. उधाणलेल्या समुद्रात तो डेकवरून पडला, आणि बोट त्याच्याशिवाय परत आली. त्याचा शोध आता थांबवत आहोत, असं फोनवरचा अधिकारी फार मऊ आवाजात म्हणाला. वान-रूच्या तोंडून निघालं, “आभारी आहे.” फोन ठेवल्यावर तिला त्या शब्दांची इतकी किळस आली की तिने खळखळून चूळ भरली.

घरी आईने दारातच विचारलं, “आ-रू, फोन आला होता?”

“आला होता. शोधताहेत अजून.”

आईने मान डोलावली आणि आ-जेसाठी अंडं तळायला घेतलं. पिवळा बलक पातळ ठेवून, त्याला आवडायचं तसं. रोज संध्याकाळी त्याचा भाताचा वाडगा टेबलावर मांडला जाई, त्यावर ते अंडं. रोज सकाळी आई दर्यावर्दींची राखण करणाऱ्या माझू देवीच्या देवळात जाऊन दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाके आणि विचारी, माझा मुलगा जिवंत आहे ना? एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. पण बहुतेकदा दोन्ही उताण्याच पडत. म्हणजे देवी नुसतीच हसली, उत्तर दिलं नाही.

वडील कधीच गेलेले. आता घरात या दोघी आणि एक भरलेला वाडगा.

वान-रू बंदरावरच्या रेनकोट आणि गमबुटांच्या दुकानात कामाला होती. दोन-तीन दिवसांनी दुपारी दुकानाच्या दारात तोच तरुण उभा. कॅमेरा जाकिटाच्या आत पोटाशी धरलेला, आणि स्वतः नखशिखांत भिजलेला.

“एक रेनकोट द्या.”

“माप?” तिने ओळख दाखवली नाही.

“एवढं.” त्याने कॅमेरा वर धरला.

“कॅमेऱ्याला रेनकोट, आणि तुम्ही असेच?”

“तो भिजला तर बंद पडतो. मी भिजलो तर नुसता शिंकतो.” आणि तो खरोखरच शिंकला.

वान-रूने वरच्या फळीवरून एक पिवळा रेनकोट काढला. “लहान मुलांचा आहे. यावर बदकं आहेत.”

“बदकं नसलेला?”

“या मापात बदकंच.”

त्याने रेनकोट घेतला, कॅमेऱ्याला घातला, टोपीसुद्धा चढवली. आणि जायचं सोडून तिथेच घुटमळत उभा राहिला. त्याचं नाव यू-चेंग. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओसाठी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. बंदर भागातल्या मंडळाने लघुपटांची स्पर्धा ठेवली होती: पाच मिनिटांचा चित्रपट, चित्रण याच भागात, आणि विषय चिठ्ठी काढून दिलेला. ‘आडोसा’.

“आणि माझी हिरॉइन पळाली ताइपेला,” तो म्हणाला. “टूथपेस्टची जाहिरात मिळाली तिला.”

“दात चांगले असतील.”

“तुमचेही असतील... अजून दिसले नाहीत.”

वान-रूने ओठ घट्ट मिटून घेतले. दुकानाची मालकीण मागच्या बाजूला खोकायच्या निमित्ताने हसली.

“मला अभिनय-बिभिनय येत नाही,” वान-रू म्हणाली. म्हणताना तिच्याच मनात आलं, किती खोटं बोलतेस गं! घराचं दार उघडल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दुसरं करतेस काय?

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, गरम फिशबॉल सूपचे दोन पेले घेऊन. त्यानंतर आला तो नवीन कथा लिहून. एक मुलगा रोज रेनकोटच्या दुकानात येतो. दुकानातल्या मुलीशी बोलायचं धाडस होत नाही म्हणून रोज एक रेनकोट विकत घेतो. घेता घेता दुकानातले सगळे रेनकोट संपतात. बाहेर मुसळधार पाऊस, आणि आता त्याला तिथेच थांबावं लागतं.

“मग पुढे?” वान-रूने विचारलं.

“पुढचं ठरायचंय. मुलीला विचारून ठरवू म्हटलं.”

आणि तिने हो म्हटलं. का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. दिवसातले दोन तास आपण आ-जेची बहीण नसू, एवढंच कदाचित.

मुलाचं काम यू-चेंगच करत होता. कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, धावत येऊन चौकटीत उभं राहायचं आणि धापा टाकत प्रेमात पडायचं! पहिल्याच दिवशी तो गमबुटांच्या ढिगाला अडखळून असा काही आपटला की बूट घरंगळत रस्त्यावर गेले. वान-रू हसली. मोठ्याने, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“दिसले!” तो जमिनीवरूनच ओरडला. “दात दिसले! कॅमेऱ्यात आले!”

आणि त्याच क्षणी तिचं हसू विझलं. आ-जे पाण्यात आहे... आणि मी इथे हसतेय. पाठ फिरवून ती बूट गोळा करू लागली. यू-चेंग उठून तिच्याशेजारी उकिडवा बसला. बुटांच्या जोड्या लावत राहिला. दोन्ही डाव्या पायाचे बूट तो एकत्र लावत होता, पण तिने ते तसेच राहू दिले.

एका दृश्यात त्याला तिच्या रेनकोटचं वरचं बटण लावायचं होतं. गार पडलेली त्याची बोटं तिच्या हनुवटीला लागली... आणि बटण काही लागेना.

“कट म्हण ना,” ती पुटपुटली.

“म्हणतो.”

“कधी?”

“बटण लागलं की.”

“ते केव्हाच लागलंय, यू-चेंग.”

“हो, बघितलं मी,” तो म्हणाला. हात मात्र तिथेच होता.

कोपऱ्यावरच्या गाडीवर शेंगदाण्याचं गोड, गरम सूप पिताना त्याने तिला आपल्या आईबद्दल सांगितलं. आई गेली तेव्हा अंत्यविधीचा व्हिडिओ त्यानेच काढला होता. “सगळे रडत होते. मी उजेड बरोबर येतोय का बघत होतो. कॅमेऱ्यामागे असलं की रडावं लागत नाही, वान-रू. आणि मग... नंतर रडायला येतच नाही.” त्याने पेल्यात बघत विचारलं, “तुझ्या घरी कोण कोण असतं?”

“आई. आणि भाऊ.” पेला खाली ठेवत ती म्हणाली, “घरी जरा आजारपण आहे.”

त्याने पुढे विचारलं नाही. तिला ते बरंच वाटलं होतं, तेव्हा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने तिला स्टुडिओत बोलावलं. एका भिंतीवर नवरा-नवरींचे हसरे फोटो, दुसऱ्या भिंतीशी संगणक. यू-चेंग सारखा हात चोळत होता.

“शेवट बदललाय. रागावू नकोस... आधी पूर्ण बघ.”

तिने बघितलं. दुकान, पाऊस, घरंगळणारे बूट, तिचं हसू. शेवटचा रेनकोट विकला जातो. मुलगी दुकानाचं शटर ओढते. आणि मग बर्फाच्या कारखान्याची काळपट भिंत. भिंतीशी तीच, तोंड वासलेलं, आवाज नाही. पडद्यावरचा तो चेहरा हुबेहूब आईचा होता.

चित्रपट संपल्यावर वान-रू त्याच्याकडे वळली.

“पुसलं म्हणालास.”

“नुसता पडदा बंद केला होता.”

“अच्छा.”

“वान-रू, ऐक... हे नसेल तर ही नुसती रेनकोटची जाहिरात आहे. तू इतकी हसतेस आणि आत हे आहे, हे कळलं की लोकांच्या काळजाला—”

“‘हे’ म्हणजे काय? नाव आहे त्याला. माझा भाऊ आहे तो. समुद्रात गेलाय.”

यू-चेंगचा चेहरा पांढरा पडला. “मला माहीत नव्हतं.”

“विचारलंस? रोज विचारायचास, उजेड डोळ्यांवर येतोय का, मान दुखतेय का, सूप तिखट झालंय का. मी त्या दिवशी का रडत होते, ते नाही विचारलंस.”

“भीती वाटली. विचारलं तर तू निघून जाशील.”

“मी जाईन म्हणून, की चित्रपट अर्धवट राहील म्हणून?”

त्याची नजर संगणकाच्या पडद्याकडे गेली. त्या नजरेतच तिला उत्तर मिळालं.

“उद्याच्या खेळाला आमची सगळी गल्ली येणार आहे,” ती म्हणाली. “आईसुद्धा. तिला वाटतंय आ-जे परत येईल. मीच वाटू देतेय तिला. आणि तिने पडद्यावर माझं हे तोंड बघायचं?”

“काढतो. आत्ता, तुझ्यासमोर काढतो.”

“काढशील रे. पण ‘पुसलं’ म्हणालास तेव्हा मी विश्वास ठेवला होता. आता ‘काढतो’ म्हणतोस... त्याचं मी काय करू?”

ती निघाली. तो जिन्यापर्यंत मागे आला, पण तिला हाक मारायचं त्याचं धाडस झालं नाही.

पावसात घराकडे चालताना तिचा संताप तोंडातल्या तोंडात बडबडत होता. खोटारडा! डोळ्यांत बघून खोटं बोलला. कशासाठी, तर चांगलं दिसावं म्हणून... आणि गल्लीच्या तोंडाशी तिची पावलं अडखळली. आईने रोज विचारलं होतं. रोज, दारात उभं राहून. आणि आपण आईच्या डोळ्यांत बघून काय सांगत होतो?

आईने टेबल मांडून ठेवलं होतं. तिसऱ्या वाडग्यावर तळलेलं अंडं.

“आ-रू, फोन?”

“आई, बस जरा.”

“आला का फोन?”

“शोध थांबवलाय, आई. मागेच थांबवलाय. मी सांगितलं नाही तुला.”

आई रडली नाही. ओरडली नाही. तिने आ-जेचा वाडगा स्वतःकडे ओढला, जेवणाच्या काड्या उचलल्या आणि ती खायला लागली. गार अंडं, गार भात. घास गिळवत नव्हता तरी कोंबत राहिली. वान-रूने हात धरला तर तिने तो झटकला. ठसका लागला, डोळे लाल झाले, पण वाडगा रिकामा होईपर्यंत ती थांबली नाही.

मग ती म्हणाली, “आणि तू मला रोज देवळात जाऊ दिलंस.”

एवढंच. त्यानंतर रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सकाळी उठली ती थेट काकांकडे गेली आणि म्हणाली, पुजाऱ्याला बोलवा. माझ्या मुलाला पाण्यातून घरी आणायचंय. आजच.

दुपारी सगळे किनाऱ्यावर जमले. आ-जेच्या आत्म्याने ओळखून त्यात यावं म्हणून एका हिरव्या बांबूला त्याचा निळा चौकड्यांचा शर्ट बांधला होता. पुजारी घंटा वाजवत मंत्र म्हणत होता. उदबत्त्या पावसाने विझत होत्या आणि काकू त्या पुन्हापुन्हा पेटवत होत्या. जवळच्याच मासळी लिलावाच्या शेडमध्ये स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला होता. मधूनच वाऱ्यावर टाळ्या आणि हशा ऐकू येई, आणि काका दातओठ खात तिकडे बघत.

“नावाने हाक मारा,” पुजारी आईला म्हणाला. “आईची हाक लागते.”

आईने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला... नुसता वारा. मग वान-रूच गुडघाभर पाण्यात उतरली आणि ओरडली, “आ-जे! घरी चल! आ-जे!”

काकांनी चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही पालथ्या. तो आला नव्हता.

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा नकार. पुन्हा, आणि पुन्हा. तिचा आवाज बसला, ओठ निळे पडले. नातेवाईक कुजबुजायला लागले. अंधारून येत होतं. तेवढ्यात दगडांवरून घसरत, सावरत कोणीतरी खाली येताना दिसलं. यू-चेंग. दुकानात गेला असणार, मालकिणीने सांगितलं असणार. त्याच्या खांद्याला काही नव्हतं, हात रिकामे होते. त्या रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा तो लोकांच्या मागे उभा राहिला. आणि वान-रूने बघितलं, तो रडत होता. लहान मुलासारखा, खांदे हलवत, तोंडसुद्धा न झाकता.

कोण हा, म्हणून दोघा-तिघांनी माना वळवल्या. आईनेही बघितलं. परक्याला असं रडताना बघून तिच्या आत काय हललं कोण जाणे. ती तशीच चपलांसकट पाण्यात शिरली, वान-रूचा हात पकडला, आणि तिच्या घशातून एक फाटका आवाज निघाला.

“आ-जे... बाळा, पाणी किती गार आहे रे! चल. आई न्यायला आलीये. दमलास ना? चल घरी.”

काकांनी चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी, एक पालथी.

आई मटकन पाण्यातच बसली. वान-रूने तिला मिठी मारली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघी एकत्र रडल्या.

घरी निघायची वेळ झाली. आ-जेचा शर्ट बांबूवरून सोडून वान-रूच्या हातात दिला. त्यावर काळी छत्री धरायची होती. आता त्याला पुन्हा पाणी लागू द्यायचं नव्हतं. काकांचे हात थंडीने गारठले होते, छत्री वाऱ्याने उलटत होती.

“ए उंच पोरा,” आईने हाक मारली. “तू ये. तू धर.”

यू-चेंगने वान-रूकडे बघितलं. ती एक पाऊल बाजूला सरकली. त्याने छत्री घेतली आणि शर्टावर अशी धरली की तिची एक काडीही स्वतःवर येऊ नये.

“वाटेत त्याच्याशी बोलत राहायचं असतं,” काकू हळूच म्हणाली. “वळण आलं, पूल आला, सगळं सांगायचं. नाहीतर तो वाटेत राहतो.”

ते चालू लागले. लिलावाच्या शेडवरून जाताना आतून पुन्हा हशा आला. वान-रूने तो आवाज ओळखला. घरंगळणारे बूट.

“तुझाच चित्रपट लागलाय,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“असेल.”

“शेवट?”

“शटर पडतं तिथेच संपतो. जाहिरातच आहे... लोक हसतील आणि विसरतील.” मग तो म्हणाला, “ते पुसलं, वान-रू. विश्वास ठेव असं म्हणत नाही. जमेल तेव्हा ठेव.”

समोर कालव्यावरचा छोटा पूल आला. हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण तिचा आवाज पार गेला होता. घशातून नुसती खरखर आली. ती घाबरून थांबली.

तेव्हा छत्रीखाली वाकून यू-चेंग त्या निळ्या शर्टाला म्हणाला, “आ-जे, पूल आला बरं का. लाकूड ओलं आहे. सावकाश. मी धरलंय, ये.”

संपूर्ण पूल तो असा बोलत राहिला. उजवीकडे कठडा मोडलाय. इथे खड्डा आहे. आता रस्ता लागला. त्याचे केस, खांदे, पाठ, सगळ्यावरून पाणी ओघळत होतं आणि शर्टावर एक थेंब नव्हता. पुढे चालणारी आई थांबून ऐकत होती. तो जवळ आला तशी ती पुन्हा चालू लागली.

गल्ली आली. चढाच्या पायऱ्या लागल्या. वान-रूने खाकरून घसा साफ केला. जेमतेम एक धागा आवाज शिल्लक होता. तो तिने जपून वापरला. शर्ट छातीशी घट्ट धरला आणि त्यावर ओठ टेकवून ती म्हणाली—

“आ-जे, छत्री धरलीये ना, त्याचं नाव यू-चेंग. मी खूप चिडलेय त्याच्यावर... आणि मला तो आवडतो. आईला मी सांगेन. चल, आता पायऱ्या आहेत.”